मिक्सिंग टेबलावर घडलेले संगीत

जमैकातले ‘डब’ ध्वनिमुद्रण करणाऱ्या तंत्रज्ञांनी घडवले. मुद्रित झालेले रेगे गाणे घ्यायचे, गायकाचा आवाज आणि बरीचशी वाद्ये गाळायची, ड्रम आणि बास गिटार पुढे आणायची आणि उरलेले सूर मधूनच प्रतिध्वनीत सोडून द्यायचे, ही त्याची रीत. १९७०च्या दशकात किंग्स्टनच्या गरीब वस्त्यांत ती आकाराला आली.

या संगीताची मुळे आफ्रिकेतून आणलेल्या लोकांच्या ढोलांत आहेत. कुमिना आणि बुरू या परंपरांनी ते ढोल जपले, पुढे रास्ताफारी पंथीयांनी न्याबिंगी या ढोलवादनाच्या रूपात ते आपलेसे केले. खेड्यापाड्यांतले मेंटो हे बँजो-गिटारचे गाणे वेगळे होते. शहरात मात्र १९५०च्या दशकात ‘साउंड सिस्टिम’चे राज्य सुरू झाले. मोठाले स्पीकर मोकळ्या जागेत लावायचे, अमेरिकन रिदम अँड ब्लूजच्या तबकड्या वाजवायच्या आणि तिकिटावर व दारूविक्रीवर कमवायचे. चढाओढ इतकी, की गाण्याचे नाव प्रतिस्पर्ध्याला कळू नये म्हणून तबकडीवरचे लेबल खरवडून काढले जाई.

अमेरिकेतली आवड रॉक अँड रोलकडे वळली, तेव्हा हव्या तशा तबकड्या मिळेनाशा झाल्या आणि साउंड सिस्टिमचे मालक स्वतःच गाणी मुद्रित करू लागले. त्यातून स्का हे नवे संगीत आले. १९६२ साली देश स्वतंत्र झाला, तेव्हा तेच गाजत होते. पुढच्याच वर्षी साउंड सिस्टिमचे मालक क्लेमेंट ‘कॉक्सन’ डॉड यांनी ब्रेंटफर्ड रोडवर ‘स्टुडिओ वन’ उभारला. १९६६च्या सुमारास लय मंदावून रॉकस्टेडी झाले आणि १९६८मध्ये रेगे. रेगेच्या ‘वन ड्रॉप’ ठेक्यात चार मात्रांपैकी पहिली रिकामी जाते आणि ड्रमचा जोर तिसरीवर पडतो. समेवर आघात ऐकण्याची सवय असलेल्या कानाला ही पोकळी लगेच जाणवते. गिटारचे तुटक ठोके दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर येतात, गाण्याची चाल बहुधा बास पेलते.

स्टुडिओतले वादक झपाट्याने काम करत. तयार झालेल्या ठेक्याला ‘रिडिम’ म्हणत आणि एकाच रिडिमवर अनेक गायकांची गाणी निघत. वादकांना ठरावीक मेहनताना मिळे. त्या रिडिमवर वर्षानुवर्षे विकल्या गेलेल्या तबकड्यांचा वाटा बहुतेकांच्या हाती आला नाही, आणि हा अन्याय जमैकन संगीताच्या इतिहासातून वगळता येत नाही.

डबची सुरुवात एका चुकीपासून झाल्याचे सांगतात. १९६०च्या दशकाच्या अखेरीस स्पॅनिश टाउनचे साउंड सिस्टिमचालक रडी रेडवुड यांच्यासाठी ‘ट्रेझर आइल’ स्टुडिओत पॅरागॉन्स या गायकगटाच्या गाण्याची तबकडी कापताना गायकांचा आवाज द्यायचा राहून गेला. रेडवुड यांनी आधी मूळ गाणे वाजवले, मग ही बिनआवाजाची तबकडी लावली, आणि नाचणाऱ्यांनी शब्द स्वतःच म्हटले. लवकरच तबकड्यांच्या दुसऱ्या बाजूला अशा ‘व्हर्जन’ येऊ लागल्या. यू-रॉयसारखे डीजे त्यांवर बोलू लागले.

ऑझबर्न रडक, म्हणजेच किंग टबी, यांनी या व्हर्जनची कला केली. ते मुळात रेडिओ आणि अॅम्प्लिफायर दुरुस्त करणारे. किंग्स्टनच्या वॉटरहाउस वस्तीतल्या त्यांच्या घरात बँड मावेल इतकी जागा नव्हती. दुसरीकडे मुद्रित झालेल्या फिती तिथे येत, न्हाणीघराच्या जागी केलेल्या खोलीत गायक गात आणि बाकीची करामत डायनॅमिक साउंड्स या स्टुडिओकडून घेतलेल्या जुन्या चार-ट्रॅक मिक्सरवर चाले. ड्रमचा एक ठोका पकडून टबी तो प्रतिध्वनीत लांबवत, एका बटणाने खालचे सूर गाळून झांजेचा आवाज पातळ करत, क्षणभर सगळेच थांबवत आणि बास एकदम परत आणत. फीत चालू असताना सारे हातानेच व्हायचे, त्यामुळे एका गाण्याचे दोन मिक्स हुबेहूब सारखे निघत नसत. ऑगस्टस पाब्लो यांच्या मेलोडिका या फुंकून वाजवायच्या वाद्याभोवती त्यांनी केलेले ‘किंग टबीज मीट्स रॉकर्स अपटाउन’ ऐकले, की मिक्सर हे वाद्य आहे हे पटते. ली ‘स्क्रॅच’ पेरी यांनी आपल्या ‘ब्लॅक आर्क’ स्टुडिओत वेगळी, जास्त दाट आणि धूसर वाट काढली.

टबींचेच शिष्य प्रिन्स जॅमी यांनी १९८५मध्ये कॅसिओ कीबोर्डवरच्या ठेक्यातून ‘स्लेंग टेंग’ हा रिडिम काढला. त्यात ना ड्रमवादक होता ना बासवादक. तो इतका चालला, की किंग्स्टनचे स्टुडिओ यंत्रावरच्या ठेक्यांकडे वळले आणि ज्या वादकांच्या जोरावर डब उभे राहिले होते त्यांच्यातल्या अनेकांची कामे आटली.