खिडकींतील मळा आणि ताटाची डावी बाजू

हिंवाळा हा भाजीपाल्याचा ऋतु. मंडईंत मेथी, मुळा, कोथिंबीर यांचे ढीग पडलेले असतात. मग घरांत पाला पिकविण्याचा खटाटोप कशाला, असें सुज्ञ वाचक विचारतील. आमचें उत्तर असें कीं, शिजवून खावयाच्या भाजीची गोष्ट निराळी आणि कच्च्या पाल्याची निराळी. शिजविल्यानें जंतु मरतात, परंतु त्याबरोबर ‘क’ जीवनसत्त्वाचाहि पुष्कळ अंश नष्ट होतो. पाला कच्चा खावा, तर तो कोणत्या पाण्यावर वाढला हें शहरांतील गृहिणीस कळण्यास मार्ग नाहीं. आपल्याच खिडकींत, पिण्याच्या पाण्यावर वाढलेल्या पाल्याविषयीं ही शंका उरत नाहीं.

ज्यांच्या घरास परसूं नाहीं, त्यांस या ऋतूंत सूर्यनारायणच साह्य करतो. उन्हाळ्यांत माध्यान्हींचा सूर्य जवळजवळ डोक्यावर असल्यामुळें ऊन खोलींत शिरत नाहीं. २२ डिसेंबरच्या सुमारास मात्र पुण्यास तो भर दुपारींहि क्षितिजापासून सुमारें ४८ अंशच वर येतो, आणि दक्षिणेच्या खिडकींतून ऊन थेट आंत येतें.

बींहि घरांतच असतें. ज्या अहळिवांचे लाडू आपण बाळंतिणीस देतों, त्यांसच संस्कृतांत चंद्रशूर म्हणतात. सोळाव्या शतकांतील ‘भावप्रकाशां’त मेथी व चंद्रशूर हीं दोन्ही ‘चतुर्बीजां’त गणलीं आहेत. इंग्लंडांत मुलें हेंच बीं मोहरीसह ओल्या फ्लॅनेलवर किंवा टीपकागदावर उगवितात, आणि त्याचा तिखटसर पाला पावांत घालून खातात. आपण बीं जपलें. पाल्याकडे मात्र आपलें लक्ष गेलें नाहीं.

कृति सोपी आहे. पसरट ताटलींत स्वच्छ सुती कापडाची दुहेरी घडी ओली करून पसरावी. अहळीव भिजत घालूं नयेत. पाणी पितांच ते बुळबुळीत होऊन एकमेकांस चिकटतात. कोरडेच दाणे विरळ पेरून वर पाणी शिंपडावें व दोन दिवस झांकून ठेवावे. अंकुर दिसतांच झांकण काढून ताटली खिडकींत ठेवावी व दिवसांतून दोनदां पाणी शिंपडावें. पाणी सांचूं देऊं नये, नाहींतर बुरशी धरते. आठदहा दिवसांत बोटभर उंच झालेला पाला कात्रीनें मुळांच्या वर कापून धुऊन घ्यावा. मेथ्या रात्रभर भिजवून पातळ मातीच्या थरांत पेराव्या. धणे रगडून, त्यांचीं दोन दलें करून कुंडींत लावावे. कोथिंबिरीस मात्र पांचसहा आठवडे धीर धरावा लागतो. बीं वाणसामानांतीलच घ्यावें. शेतीसाठीं विकल्या जाणाऱ्या बियांस पुष्कळदां विषारी औषध चोळलेलें असतें. कुबट वास आल्यास सर्व टाकून द्यावें. गर्भवतीनें कच्चे अंकुर डॉक्टरांस विचारल्यावांचून खाऊं नयेत.

काकडी, दाण्याचें कूट व लिंबाचा रस यांबरोबर या पाल्याची कोशिंबीर रुचकर होते. परंतु ती कोणाच्या ताटांत पडते, हा प्रश्न चवीहून मोठा आहे. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत १५ ते ४९ वर्षांच्या स्त्रियांपैकीं शेंकडा ५७ स्त्रियांस रक्तक्षय आढळला. भाकरी, डाळ, पालेभाजी यांतील लोह अंगीं लागण्यास त्याच जेवणांतील ‘क’ जीवनसत्त्व साह्य करतें. उलट जेवणावर लगेच घेतलेला चहा त्यास अडथळा करतो. मूठभर पाल्यानें रक्तक्षय बरा होतो, असें आम्ही म्हणत नाहीं. त्यास औषधच पाहिजे. पण अद्यापि कित्येक घरांत ताटाची डावी बाजू पहिल्या पंगतीसच भरलेली असते, आणि सर्वांस वाढून शेवटीं बसणाऱ्या सुनेपुढें कोशिंबिरीचें रिकामें भांडें येतें. ज्या देहास त्या घासाची गरज अधिक, त्याच्याच वाट्यास तो येत नाहीं.

म्हणून आमची सूचना अशी. हें काम सुनांवर आणखी न लादतां आमच्यासारख्या निवृत्त वडीलधाऱ्यांनीं नातवंडांस हाताशीं धरून करावें. दर तीन दिवसांनीं एक नवी ताटली पेरावी, म्हणजे पाला खंडत नाहीं. आणि तो कापल्यावर शेवटच्या पंगतीचा वाटा प्रथम काढून झांकून ठेवावा. उरेल तो आपण घ्यावा. दोन चमचे अहळीव आज पेरले, तर येत्या पंधरवड्यांत या नियमाचा आरंभ करतां येईल.