महाग आहे, लाओबान!

"थाय ग्वेई ल!" म्हणजे "फारच महाग!" चिनी बाजारात शिरणारा परदेशी पाहुणा हे वाक्य पहिल्याच दिवशी शिकतो. पुढचेमागचे शब्द मात्र त्याला बरेच दिवस उमगत नाहीत, आणि सौदा तिथेच अडतो.

घासाघिशीला चिनी भाषेत 'थाओ ज्या हुआन ज्या' म्हणतात. किंमत मागायची आणि किंमत परत करायची. सुरुवात संबोधनाने होते. विकणारा रस्त्याकडेला दोन टोपल्या संत्री घेऊन बसलेला असला तरी तो 'लाओबान', म्हणजे मालक. विक्रेतीही पन्नाशीच्या बाईला खुशाल 'मेइन्यु', म्हणजे सुंदरी, अशी हाक मारते. ही खुशामत आहे हे दोघींना ठाऊक असते आणि त्याने काही बिघडत नाही. पाठ्यपुस्तकातले 'श्याओज्ये' (कुमारी) मात्र जपून वापरावे. चीनच्या बऱ्याच भागांत त्या शब्दाला आता वेश्याव्यवसायाचा वास येतो.

भाव उतरवताना 'कृपया' लागत नाही. "पियेन-यी यीदेन बा", म्हणजे "थोडं स्वस्त करा ना". यातले 'यीदेन' म्हणजे थोडं, आणि शेवटचे 'बा' आपल्या 'ना'सारखे. सगळा मऊपणा या दोन चिमुकल्या शब्दांत आहे. 'छिंग' हा 'कृपया'चा चिनी भाऊ इथे आणला तर सौद्याला सरकारी अर्जाची कळा येते.

मग दुकानदार तोट्याचे रडगाणे लावतो, गिऱ्हाईक पाठ फिरवून चालू लागते, मागून हाक येते. निघून जाणे हाही बोलण्याचाच भाग, त्यात उद्धटपणा नाही. शेवटी दुकानदार म्हणतो, "ज्याओ ग फंगयौ", चला, दोस्ती करू! हे वाक्य मोठे हुशारीचे आहे. भाव उतरला तो दोस्तीखातर, हरल्यामुळे नव्हे. दुकानदाराची 'मियेन्झ', म्हणजे चारचौघांतली इभ्रत, शाबूत राहते.

समोरच्यावर दडपण आणू नये, त्याला मोकळीक द्यावी, हा पाश्चात्त्य भाषाशास्त्रज्ञांच्या सिद्धांतात सभ्यतेचा एक मोठा आधार आहे. चिनी अभ्यासक गू युएगुओ यांनी 1990 साली लिहिलेल्या लेखात दाखवले की चिनी सभ्यतेत आदर आणि नम्रतेच्या जोडीला ऊबही लागते. जेवणाचे आमंत्रण पाहुणा पुन्हा पुन्हा नाकारतो आणि यजमान पुन्हा पुन्हा आग्रह करतो, यात कोणी कोणावर जबरदस्ती करत नाही. मराठी पंगतीत वाढलेल्याला हे वेगळे समजावून सांगायला नको.

गंमत पुढेच आहे. दोन युआनसाठी पाच मिनिटे हुज्जत घालणारा तोच माणूस संध्याकाळी हॉटेलात बिल आपणच भरणार म्हणून मित्राशी अक्षरशः झोंबाझोंबी करतो. बाजारात पैसे वाचवण्यात शहाणपण, मित्रांत ते खर्चण्यात इभ्रत.

2003 साली 'ताओबाओ' हे खरेदी-विक्रीचे संकेतस्थळ सुरू झाले आणि खरेदी संगणकावर आली, तरी संबोधन सुटले नाही. तिथले विक्रेते अनोळखी गिऱ्हाइकाला 'छिन', म्हणजे जवळपास 'प्रिय', म्हणू लागले. घासाघीसही चॅटच्या चौकटीत शिरली.

चीनला जाणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावे. दुकानाच्या काचेवर '8 झ' अशी पाटी दिसली तर ऐंशी टक्के सूट समजून आत धावू नये. तिथे सुटीचा आकडा लिहीत नाहीत, द्यायच्या रकमेचा लिहितात. शंभराच्या वस्तूला ऐंशी मोजावे लागतात.