कीर्दीत खाडाखोड नको!

जुन्या पेढीवरच्या दिवाणजींना एक गोष्ट कधी शिकवावी लागत नसे. कीर्दीत चुकीची रक्कम पडली, तर ते ती खरवडून काढीत नसत, की पान फाडीत नसत. तेवढ्याच रकमेची उलट नोंद खाली घालीत, शेजारी कारण लिहीत आणि पुढच्या कामाला लागत. संगणकाचे प्रोग्राम लिहिणारी आम्ही मंडळी ज्या वहीवर पोट भरतो, त्या वहीचाही कायदा नेमका हाच आहे.

आता तुम्ही म्हणाल, संगणकवाल्यांची कसली आली वही? तर ऐका. एकाच प्रोग्रामवर दहा-वीस माणसे एकदम काम करीत असतात. कोणी काय बदलले, केव्हा बदलले आणि का बदलले, याची नोंद ठेवणारी सामाईक व्यवस्था लागतेच. १९७२ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत मार्क रॉचकाइंड यांनी अशी एक व्यवस्था तयार केली. आज बोलबाला आहे तो ‘गिट’चा. लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनी ते २००५ साली लिनक्सच्याच कामासाठी रचले. त्यात प्रत्येकाजवळ वहीची नक्कल असते. आपले बदल ‘कमिट’ म्हणून आपल्या नकलेत नोंदायचे आणि मग ‘पुश’ करून सामाईक वहीत धाडायचे. गोम आहे ती या धाडण्यात. बाण सुटला की सुटला!

मी पूर्वी पुण्यातल्या एका कचेरीत होतो. पतपेढ्यांच्या ठेवींवरील व्याजाचा हिशेब करणारा प्रोग्राम आम्ही सांभाळीत असू. एका शुक्रवारी सायंकाळी आमच्यातल्या एका नव्या मुलीचे अर्धवट काम चुकून मुख्य ब्रँचमध्ये गेले. व्याजातले सुटे पैसे जवळच्या रुपयाला नेऊन टेकवण्याचा तो भाग होता, आणि सोमवारी तोच प्रोग्राम पेढ्यांकडे जायचा होता! ठेवीदारांच्या पैशाचा मामला. त्यात तिच्या पाठोपाठ आणखी चौघांनी आपापले काम तिथे चढवलेले. पोरीचा चेहरा उतरला.

एका ज्येष्ठ गृहस्थांनी हळूच सल्ला दिला, “अगं, ‘रीसेट’ करून मागे जा आणि ‘फोर्स पुश’ कर. कोणाला पत्ताही लागायचा नाही.”

सल्ला आपुलकीचा खरा, पण घातकी. गिटमध्ये प्रत्येक कमिटला चाळीस अक्षरांची एक खूण असते आणि ती आधीच्या कमिटच्या खुणेवरूनही बनते. मधला एक दुवा बदलला, की पुढची सारी साखळी बदलते. तिने तसे केले असते, तर सामाईक वहीतून चौघांचे कामही नाहीसे झाले असते. शिवाय ज्यांच्या नकलेत जुनी साखळी शिल्लक होती, त्यांच्यापैकी कोणीतरी नकळत तोच दोष पुन्हा वर आणून ठेवला असता.

मी तिला म्हटले, “घाबरू नकोस. ‘रिव्हर्ट’ कर, आणि कारण स्वच्छ लिही.”

रिव्हर्ट म्हणजे दिवाणजींची उलट नोंद. नव्याने आलेल्या ओळी जातात, गेलेल्या परत येतात, पण हे सारे एका नव्या कमिटच्या रूपाने. मूळ नोंद जागच्या जागी राहते. एका ठिकाणी तिच्याच ओळींवर दुसऱ्याने हात फिरवला होता, तेथे गिट अडले. दोघांनी शेजारी बसून तो गुंता सोडवला, चाचण्या चालवल्या आणि गाडी रुळावर आली. मग तिने सर्वांना उघड निरोप धाडला: “माझे अर्धवट काम चुकून गेले होते, ते उलटवले आहे. कृपया आपापली नक्कल ताजी करून घ्यावी.” कोणी रागावले नाही. ज्याच्या ओळींशी गुंता झाला होता, त्यानेच सर्वांसाठी चहा मागवला.

या वाटेवर दोन खड्डे मात्र आहेत, बरे का! एखादी अख्खी ब्रँच मर्ज करून मग उलटवली असेल, तर दुरुस्तीनंतर तीच ब्रँच पुन्हा मर्ज केल्याने जुने काम परत येत नाही. गिटच्या लेखी ते पूर्वीच आलेले असते. नवी दुरुस्ती तेवढी येते. म्हणून आधी त्या उलट नोंदीचीच उलट नोंद करावी. दुसरा खड्डा पासवर्डचा. तो चुकून धाडला गेला, तर रिव्हर्टने भागत नाही, कारण वहीच्या मागच्या पानावर तो तसाच वाचता येतो. तेथे पहिले काम म्हणजे पासवर्ड बदलणे.

आणि वाचकहो, चूक अजून आपल्याच नकलेत असेल, पुश झालेली नसेल, तर खुशाल रीसेट करावे. कच्च्या कागदावर खाडाखोड करायला दिवाणजींचीही ना नसे. पक्क्या वहीत मात्र चूक आणि दुरुस्ती दोन्ही राहू द्यावीत. वर्ष-दोन वर्षांनी कोणी नवखा त्याच आडवाटेला लागला, तर तीच नोंद त्याचा हात धरील.