वजन कमी करणारं इंजेक्शन घ्यायचंय? आधी ते बंद केल्यावर काय होतं, ते समजून घ्या

फोन उघडला की हल्ली दोन प्रकारचे रील्स एकामागोमाग येतात. एकात आठवड्याला एक इंजेक्शन घेऊन कमी झालेलं वजन दाखवलेलं असतं. दुसऱ्यात कुणीतरी चिडून सांगत असतं की हा सगळा आळशी लोकांचा शॉर्टकट आहे, घरचं जेवा आणि चाला. मुंबईतल्या मोठ्या क्लिनिकपासून कसारा मार्गावरच्या खडवलीपर्यंत हा वाद मोबाइलवरून पोहोचला आहे.

औषध की जीवनशैली, असा हा प्रश्न मांडला जातो. पण या औषधांवर झालेले अभ्यास नीट पाहिले तर जास्त कामाचा प्रश्न वेगळाच दिसतो: औषध सुरू केलं, तर ते थांबवल्यावर पुढे काय?

हे औषध शरीरात काय करतं?

आपण जेवलो की आतड्यातून 'जीएलपी-१' नावाचं संप्रेरक, म्हणजे हार्मोन, बाहेर पडतं. ते स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला सांगतं, पोट रिकामं होण्याचा वेग कमी करतं आणि मेंदूला 'आता पुरे' असा निरोप देतं. शरीरात तयार होणारं हे संप्रेरक काही मिनिटांतच नाहीसं होतं.

सेमाग्लुटाइड हे औषध त्याच संप्रेरकासारखं काम करतं, पण शरीरात कितीतरी जास्त वेळ टिकतं. त्यामुळे आठवड्यातून एक इंजेक्शन पुरतं. 'ओझेम्पिक' आणि 'वेगोव्ही' ही त्याचीच ब्रँडनावं. 'मौंजारो'मधलं टिर्झेपेटाइड हे औषध जीएलपी-१ सोबत आणखी एका संप्रेरकाचंही काम करतं.

म्हणजे औषध चरबी थेट जाळत नाही. भूक आणि खाण्याची ओढ कमी होते, माणूस कमी खातो आणि म्हणून वजन उतरतं. ही साधी गोष्ट लक्षात ठेवली की पुढचं सगळं समजायला सोपं जातं.

चर्चा आत्ताच एवढी का वाढली?

मौंजारो भारतात मार्च २०२५ मध्ये आलं. तेव्हा सर्वात कमी मात्रेच्या एका कुपीची किंमत ३,५०० रुपये होती, म्हणजे महिन्याला १४,००० रुपये. जून २०२५ मध्ये वेगोव्ही आलं, महिन्याला १७,३४५ रुपयांपासून पुढे. स्पर्धा सुरू होताच नोव्हेंबरमध्ये वेगोव्हीच्या सुरुवातीच्या मात्रेची किंमत १०,८५० रुपयांवर आली. डिसेंबरमध्ये ओझेम्पिक महिन्याला ८,८०० रुपयांपासून मिळू लागलं.

सेमाग्लुटाइडच्या भारतातल्या पेटंटची मुदत मार्च २०२६ पर्यंतची. पेटंट संपलं की देशी कंपन्यांना तेच औषध बनवून इथे विकता येतं आणि किंमत खाली येते. काल-परवापर्यंत जो विषय सेलिब्रिटींचा होता, तो आता पगारदार घरातल्या महिन्याच्या हिशेबात येऊ शकतो.

आणि गरज नाही, असंही नाही. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या 'इंडियाब' अभ्यासानुसार देशात सुमारे १० कोटी लोकांना मधुमेह आहे आणि जवळपास ४० टक्के प्रौढांचं पोट सुटलेलं आहे.

औषध कुणासाठी आहे?

वजन कमी करण्यासाठी हे औषध दोन गटांसाठी मंजूर आहे. ज्यांचा बीएमआय ३० किंवा त्याहून जास्त आहे ते, किंवा ज्यांचा बीएमआय २७ किंवा त्याहून जास्त असून सोबत मधुमेह, रक्तदाब असा एखादा आजार आहे ते. बीएमआय म्हणजे किलोतलं वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग. उंची १६५ सेंटिमीटर असेल तर साधारण ८२ किलोला बीएमआय ३० होतो आणि साडेत्र्याहत्तर किलोला २७.

लग्नाआधी चार-पाच किलो उतरवायचे आहेत, हे या यादीत कुठेच बसत नाही.

पण आपल्याकडे बीएमआय पूर्ण चित्र दाखवत नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटिश डॉक्टर जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये एक फोटो छापला. फोटोत ते दोघं स्वतःच आहेत. दोघांचाही बीएमआय २२.३. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के. दिसायला बारीक, पण आतून चरबी जास्त आणि स्नायू कमी, ही भारतीय शरीराची ठेवण त्या एका फोटोतून जगाला कळली. म्हणूनच भारतीय डॉक्टर बीएमआय २३ पासूनच सावध करतात आणि कंबरेचं माप घ्यायला सांगतात. पुरुषांची कंबर ९० सेंटिमीटरच्या आणि स्त्रियांची ८० सेंटिमीटरच्या आत असावी, असा आपल्याकडचा निकष आहे.

औषध बंद केल्यावर काय होतं?

हा भाग रील्समध्ये सहसा नसतो.

२०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'स्टेप १' या चाचणीत १,९६१ जण होते. सेमाग्लुटाइड घेणाऱ्यांचं वजन ६८ आठवड्यांत सरासरी १४.९ टक्के घटलं. नुसतं दिखाऊ इंजेक्शन घेणाऱ्यांचं २.४ टक्के. या दोन्ही गटांना आहार आणि व्यायामाचं मार्गदर्शन मिळत होतं. म्हणजे १४.९ हा आकडा एकट्या औषधाचा नाही आणि २.४ हा आकडा काय सांगतो तेही पाहा: नुसत्या सल्ल्याने बहुतेकांचं वजन फारसं हलत नाही.

चाचणी संपल्यावर काही जणांवर आणखी वर्षभर लक्ष ठेवलं गेलं. औषध बंद, मार्गदर्शनही बंद. घटलेल्या वजनापैकी सुमारे दोन तृतीयांश वजन त्या एका वर्षात परत आलं. ९० किलोचा माणूस ७५ वर आला असेल, तर वर्षभरात तो पुन्हा ८५ च्या आसपास, असा हा हिशेब.

मग मार्गदर्शन चालू ठेवलं असतं तर? टिर्झेपेटाइडच्या 'सरमाउंट ४' या चाचणीत तेच केलं गेलं. सगळ्यांनी ३६ आठवडे औषध घेतलं, वजन सरासरी २०.९ टक्के घटलं. नंतर अर्ध्या लोकांचं औषध त्यांना न कळता बंद करून दिखाऊ इंजेक्शन सुरू केलं. आहार-व्यायामाचा सल्ला सुरूच होता. तरीही वर्षभरात त्यांचं वजन सरासरी १४ टक्के वाढलं. घटलेल्या वजनाचा ८० टक्के भाग टिकवून ठेवणं औषध चालू असलेल्यांपैकी ८९.५ टक्के लोकांना जमलं. औषध बंद झालेल्यांपैकी फक्त १६.६ टक्के लोकांना.

याचं कारण इच्छाशक्तीची कमतरता, असं म्हणणं सोपं आहे, पण चूक आहे. वजन उतरलं की शरीर भूक वाढवतं आणि ऊर्जा कमी खर्च करू लागतं. औषध त्या भुकेला दाबून ठेवत असतं. औषध गेलं की भूक परत येते. रक्तदाबाची गोळी थांबवल्यावर रक्तदाब वाढला तर आपण रुग्णाला आळशी म्हणत नाही.

मग व्यायामाचा उपयोग काय?

इथे डेन्मार्कमधला एक अभ्यास महत्त्वाचा ठरतो. आधी कमी कॅलरीच्या आहाराने लोकांचं वजन उतरवलं. मग वर्षभर काहींना लिराग्लुटाइड हे याच प्रकारचं जुनं औषध दिलं, काहींकडून देखरेखीखाली व्यायाम करून घेतला, काहींना दोन्ही दिलं. वर्षाच्या शेवटी दोन्ही एकत्र असलेला गट सर्वात पुढे होता.

सगळं बंद केल्यानंतर आणखी एका वर्षाने पुन्हा तपासणी झाली. ज्यांनी फक्त औषध घेतलं होतं, त्यांचं वजन बरंच जास्त परत आलं. ज्यांनी औषधासोबत व्यायामही केला होता, त्यांनी कमावलेलं जास्त टिकवलं.

इथे फरक सल्ला आणि सवय यांच्यातला आहे. 'चालत जा' असं सांगणं हा सल्ला. आठवड्यातून ठरलेले दिवस, ठरलेली वेळ, कुणीतरी विचारणारं, असं वर्षभर चालणं ही सवय. वाद घालताना 'जीवनशैली' हा एकच शब्द दोन्हींसाठी वापरला जातो आणि तिथेच गोंधळ होतो.

जागतिक आरोग्य संघटनेनेही डिसेंबर २०२५ मध्ये लठ्ठपणासाठी या औषधांबाबत पहिल्यांदा मार्गदर्शक सूचना काढल्या. औषध दीर्घकाळ वापरण्याची शिफारस त्यात आहे, पण ती सशर्त आहे, आणि जोडीला आहार-व्यायामाचं नियमित, सखोल पाठबळ असावं असंही म्हटलं आहे.

पण सवयीला वेळ कुठून आणायचा?

महाराष्ट्राला हा वाद नवा नाही. काही वर्षांपूर्वी घराघरात 'दीक्षित की दिवेकर' चाललं होतं. डॉ. जगन्नाथ दीक्षित सांगत होते दिवसातून दोनदाच, ५५ मिनिटांच्या आत जेवा. ऋजुता दिवेकर सांगत होत्या घरचं, हंगामी आणि थोड्या थोड्या वेळाने खा. व्हॉट्सॲप ग्रुप्सवर दोन तट पडले. पण दोन्ही बाजूंनी एक गोष्ट गृहीत धरली होती: कधी जेवायचं, हे माणसाच्या हातात आहे.

आता खडवलीचं उदाहरण घ्या. टिटवाळा आणि वासिंदच्या मधलं हे स्टेशन. इथून सीएसएमटीला लोकलमध्येच साधारण पावणेदोन तास जातात. कसारा मार्गावर गाड्या कमी, त्यामुळे एक चुकली की पुढचा सगळा दिवस मागे सरकतो. सकाळी सहा-साडेसहाला घर सोडणारा माणूस रात्री आठ-नऊला परत येतो. दुपारचा डबा ऑफिसात, संध्याकाळी स्टेशनबाहेर वडापाव आणि रात्री उशिरा पोटभर जेवण. ज्या बाईला परत येऊन स्वयंपाकही करायचा आहे, तिचा व्यायामाचा अर्धा तास कोणत्या कामातून काढायचा?

अशा घरात 'फक्त लाइफस्टाइल बदला' हे वाक्य उपदेश होऊन बसतं. आणि 'फक्त इंजेक्शन घ्या' हे वाक्य दरमहा न संपणारा खर्च होतो.

तरी सुरुवात करता येईल अशा जागा आहेत. मध्यम वेगाने चालणं आठवड्याला १५० मिनिटं, म्हणजे पाच दिवस अर्धा अर्धा तास. तो अर्धा तास एका वेळी मिळाला नाही तरी चालतं. घर ते स्टेशन आणि स्टेशन ते ऑफिस रिक्षाऐवजी पायी गेलं तर दहा-दहा मिनिटं तिथेच जमतात. पूल चढणं-उतरणं यातच येतं. संध्याकाळी सहाला डब्यातले चणे किंवा उकडलेलं अंडं खाल्लं, तर स्टेशनबाहेरची भूक आणि रात्रीचं जेवण दोन्ही आटोक्यात राहतात.

धोके कोणते?

मळमळ, उलटी, जुलाब, बद्धकोष्ठता हे त्रास बऱ्याच जणांना होतात, विशेषतः मात्रा वाढवताना. म्हणून मात्रा हळूहळू वाढवतात. पित्ताशयाचे खडे आणि क्वचित स्वादुपिंडाला सूज येऊ शकते. पोटात सतत, तीव्र दुखत असेल तर थांबू नका, डॉक्टरांकडे जा. गरोदरपणात हे औषध चालत नाही. मूल हवं असेल तर सेमाग्लुटाइड किमान दोन महिने आधी बंद करावं लागतं. थायरॉइडच्या 'मेड्युलरी' कर्करोगाचा घरात इतिहास असेल तर ते टाळतात.

आणखी एक नुकसान काट्यावर दिसत नाही. वजन घटतं तेव्हा चरबीसोबत स्नायूही जातात. भारतीयांचे स्नायू मुळातच कमी असल्याने हे जास्त महागात पडतं. वजन परत येतं तेव्हा त्यात चरबी जास्त असते. म्हणून औषध चालू असताना डाळी, कडधान्यं, अंडी, दही, मासे यांतून पुरेसं प्रथिन आणि स्नायूंना ताण देणारा व्यायाम, दोन्ही लागतं. भूक मेलेली असताना चहा-बिस्किटावर दिवस काढणं हा सर्वात वाईट मार्ग.

रील पाहताना आणि औषध घेताना

ही औषधं डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत. १९५४ च्या औषधं आणि जादुई उपचार कायद्यानुसार लठ्ठपणा आणि मधुमेह बरा करण्याचा दावा करून औषधाची जाहिरात करणं गुन्हा आहे. बायोमध्ये व्हॉट्सॲप नंबर देऊन 'पेन' विकणारं अकाउंट दिसलं तर तिथून काही घेऊ नका. जून २०२४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने बनावट ओझेम्पिकबाबत जगभर इशारा दिला होता. शिवाय ही इंजेक्शनं फ्रीजमध्ये ठेवावी लागतात. कुरिअरमध्ये दोन दिवस उन्हात फिरलेलं पेन खरं असलं तरी कामाचं राहील, याची खात्री नाही.

डॉक्टरांकडे जाल तेव्हा पहिल्याच भेटीत पाच प्रश्न विचारा:

१. माझा बीएमआय, कंबर आणि इतर आजार पाहता मला याची गरज आहे का?

२. किती महिने घ्यावं लागेल आणि पूर्ण मात्रेवर महिन्याचा खर्च किती होईल?

३. थांबवायचं ठरलं तर कसं थांबवायचं आणि त्यानंतर तपासणी कधी?

४. स्नायू टिकवण्यासाठी मी काय खायचं आणि कोणता व्यायाम करायचा?

५. वर्षभरात वजन परत येऊ लागलं तर पुढचा मार्ग काय?

तिसऱ्या आणि पाचव्या प्रश्नाचं उत्तर मिळालं नाही, तर पहिलं इंजेक्शन घेण्याची घाई करू नका. आणि ज्यांना खरंच गरज आहे, त्यांनी लोक आळशी म्हणतील म्हणून उपचार टाळण्याचंही कारण नाही. औषधामुळे भूक शांत असते ते महिने सवय लावण्यासाठी सर्वात सोपे असतात. ते महिने नुसते काट्याकडे बघण्यात गेले, तर औषध थांबल्यावर हातात फारसं काही उरत नाही.