वादळात पडलेल्या सागाचं मोल

उन्हाळ्यात साग पानं गाळून उभा असतो, तोवर वारा फांद्यांमधून निघून जातो. पावसाच्या तोंडाशी सुपाएवढी पानं फुटली की तेच झाड वारा अडवू लागतं. सौंसर-पांढुर्ण्याकडचे बांधावरचे साग तेव्हा वादळात सापडले, तर दोन तऱ्हेनं पडतात. माती भिजून सैल झाली असेल तर मुळासकट उलथतात. मुळांनी जमीन धरून ठेवली तर बुंधा मधेच मोडतो.

उलथलेल्या झाडात निदान लाकूड सलग मिळतं. मोडलेल्यात चिरा वर-खाली धावतात आणि लांबी जाते. लाकडाचं मोल लांबीतच असतं. बारा फुटांचा ओंडका, मधला घेर चार फूट. घेराची चौथाई एक फूट. तिचा वर्ग करून लांबीनं गुणलं की बारा घनफूट. मधली दोन फूट चिरली म्हणून कापून टाकली, तर मापात दहा घनफूट उरतात. पण ते पाच-पाच फुटांचे दोन तुकडे. दाराच्या चौकटीच्या उभ्याला सात फूट सलग लाकूड लागतं, म्हणून या तुकड्यांना दरही खालचाच मिळतो.

खरा दगा मात्र न दिसणारा. झाड वाकतं तेव्हा वाऱ्याकडची बाजू ताणली जाते, पलीकडची दाबली जाते. लाकूड ताण जास्त सोसतं, दाब कमी. त्यामुळे दाबल्या बाजूचे तंतू आधी चुरगळतात. साल शाबूत दिसते. रंधा मारल्यावर रेषांना आडव्या बारीक सुरकुत्या उमटतात. असं लाकूड तुळईला घालू नये, भाराखाली ते काडकन तुटतं. फळ्या-पाटांना चालेल.

म्हणून आरा लावायची घाई नको. आधी फोटो, तहसीलमध्ये खबर, पंचनामा. सागाला वाहतूक परवाना लागतो; नागपूरच्या वाटेवर तो नसला तर माल अडकतो. अर्धवट उलथलेल्या झाडाच्या मुळांमागे कुणी उभं राहू नये: बुंधा सुटला की मुळांचा गड्डा झटक्यानं परत खड्ड्यात बसू शकतो. कापताना आधी दाबलेल्या बाजूनं थोडी खाच, मग ताणलेल्या बाजूनं काप. उलट केलं तर ओंडका उभा फाटतो.

एकाच वादळात गावभर झाडं पडली की भाव उतरतो. आंब्याचं लाकूड अशा वेळी लगेच विकावं, पावसाळ्यात त्याला बुरशी आणि भुंगेरे लवकर लागतात. सागाचा गाभा टिकाऊ असतो. कीड लागते ती बाहेरच्या पांढऱ्या लाकडाला. साल काढून, टोकांना रंग फासून, जमिनीपासून उचलून सावलीत रचला तर तो भाव सुधारेपर्यंत थांबू शकतो.