सुरांचा डबा

दिवाळीची साफसफाई म्हटली की आपल्या अंगात येतं ना, तसं २००५ साली माझ्या अंगात आलं होतं. माळा, पडवी, कोठी सगळं उपसून काढलं. त्यात बिस्किटाचा एक जुना पत्र्याचा डबा निघाला. आत वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या पितळेच्या बोटभर चपट्या पट्ट्या, प्रत्येकीला मधोमध एक बारीक जीभ. मला वाटलं, जुन्या कुलपाबिलपाचे भाग असतील. भंगारवाला दारात उभाच होता. पितळेला भाव बरा मिळाला आणि त्या पैशांत पणत्या अन् रांगोळीचे रंग आले.

संध्याकाळी आत्याबाईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी विचारलं, "तो डबा कुठी गेला वं?"

मी सांगितलं. त्या काहीच बोलल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. चार दिवस घरात फक्त भांड्यांचा आवाज. पाचव्या दिवशी भाजी निवडता निवडता म्हणाल्या, "ते सूर होते त्याइचे."

त्याइचे म्हणजे मामाजींचे. त्यांना जाऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती.

आमचं गाव लाखांदूर तालुक्यात, चुलबंद नदीच्या अंगाला. आमच्या झाडीपट्टीत धान निघाला की मंडई भरते, शंकरपट होतो आणि रात्रभर नाटक चालतं. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली, सगळीकडे तीच तऱ्हा. पाहुण्यांनी घर भरतं, आणि त्या गर्दीचं जेवण रांधून, भांडी घासून बाया नाटकाला पोचतात तेव्हा पहिला अंक संपत आलेला असतो. (हे कोणी लिहीत नाही.) २०२३ साली गडचिरोलीचे परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली तेव्हा आमच्या घरी पेढे वाटले होते, जणू घरच्याच माणसाला मिळाली.

मामाजी गावच्या नाट्यमंडळात ऑर्गन वाजवायचे. हाताने भाता मारायची पेटी नव्हे, पायाने वाजवायचा उभा ऑर्गन. मंडळ मोडलं आणि ऑर्गन आमच्या पडवीत आला. पुढे त्याच्या दोन्ही बाजूंना धानाची पोती आणि डोक्यावर माझ्या लोणच्याच्या बरण्या. मला ते टेबलच वाटायचं. आजारी पडण्याआधी मामाजींनी त्यातले तेवीस सूर साफ करायला काढून डब्यात ठेवले होते. ते मी पणत्यांसाठी विकले.

दिवाळीनंतर मी अन् आमचे हे भंगारवाल्याला शोधत निघालो. माल केव्हाच भट्टीकडे गेला होता. आपला भंडारा पितळी भांड्यांसाठी प्रसिद्ध, तेव्हा पितळेच्या गावात पितळेची पट्टी करून मिळायला काय हरकत, असा माझा हिशोब. एका म्हाताऱ्या कारागिरांनी नमुन्याचा सूर उजेडात धरला, नखाने वाजवून पाहिला आणि परत दिला. "बाई, भांड्याचं पितळ आम्ही नरम करून वाकवतो. हे ताठ पायजे, वाकवलं तर परत जाग्यावर आलं पायजे. हे आमचं काम नोहे."

मग कळत गेलं की हे यंत्र आहे तरी काय. आत एस्टी कंपनीचा शिक्का होता. अमेरिकेतल्या ब्रॅटलबोरो गावची ही कंपनी. तिने असे पाच लाखांहून जास्त ऑर्गन बनवले आणि १९६०च्या सुमारास ती बंद पडली. मोठ्या चर्चमधल्या ऑर्गनला नळ्या असतात, प्रत्येक सुराला आपली वेगळी नळी. तो खर्च न झेपणाऱ्या लहान चर्चसाठी आणि घरांसाठी हे नळ्यांऐवजी पितळेच्या जिभांचे ऑर्गन निघाले. तेच पुढे आपल्या संगीत नाटकात येऊन बसले. आपल्या पेटीत भात्याची हवा सुरांतून बाहेर ढकलली जाते, यात ती आत ओढली जाते. म्हणून आवाज मऊ, गोल. पण त्या ओढीबरोबर धूळही आत जाते. आमच्याकडे तर धानाचा कोंडा!

२००८ साली गावच्या सुताराने उंदरांनी कुरतडलेली मागची फळी बदलली. पायट्यांचे पट्टे तुटले होते, तिथे खाटेची नवार लावली. ती आजही आहे. भात्याचं कापड बदलायला एका दुरुस्तीवाल्याने चांगले पैसे घेतले आणि रेक्झिन चिकटवून दिलं. आपल्याकडचा उन्हाळा! दोनच मे महिन्यांत ते पापडासारखं तडकलं. मुलीच्या शिकवणीची फी आणि भात्याचं कापड यांत मी फी निवडली. त्यामुळे तीन वर्षं ऑर्गन पुन्हा मुका. आत्याबाई कधी बोलल्या नाहीत, पण बरण्या मात्र त्यांनी उचलून ठेवल्या होत्या.

२०१४ साली एका लग्नात ओळख निघाली. विदर्भातल्याच एका जुन्या चर्चच्या मागच्या खोलीत वाळवीने खाल्लेला ऑर्गन पडून होता. पाळकांच्या पत्नीने स्वतः खोली उघडून दिली. लाकडाचा भुगा झाला होता. पण वाळवी पितळ खात नाही. ओळीने सूर तसेच बसलेले. त्या म्हणाल्या, "तीस वर्षं दर रविवारी मीच वाजवत होते. न्या. पण नीट झाला की मला एकदा ऐकवा." पैसे घेतले नाहीत.

त्यांतले सतरा सूर आमच्या खाचांत बसले. सहा जागा रिकाम्या राहिल्या, सगळ्या अगदी खालच्या खर्जातल्या. रत्नागिरी जिल्ह्यात आडिवऱ्याला उमाशंकर दाते नवे ऑर्गन बनवतात हे मला फार उशिरा कळलं.

२०१९च्या हिवाळ्यात नागपूरचे एक कारागीर सूर मिळवायला आले. मोबाईल समोर ठेवून एकेक सूर जुळवत होते. जिभेचं टोक घासलं की सूर चढतो, बुडाशी घासलं की उतरतो. दुपारी ते म्हणाले, झालं. पडदीआडून आत्याबाई म्हणाल्या, "गंधार चढा हाय."

"आजी, मशीनवर बरोबर आहे."

"मशीनवर असंन. त्याइचा असा नव्हता."

ते हसले, मग गप्प झाले. मला समजावून सांगितलं, गळ्यातला शुद्ध गंधार पेटीतल्या गंधारापेक्षा खरंच किंचित उतरा असतो. अशा बांधलेल्या सुरांमुळेच १९४० साली आकाशवाणीने पेटीला दार बंद केलं होतं, आणि ती बंदी तीस वर्षं टिकली. मामाजींनी आपल्या नटांच्या गळ्याप्रमाणे गंधार उतरवून घेतला असणार. त्यांनी बुडाशी दोनदा हलकं घासलं. आत्याबाईंनी मान हलवली.

ज्यांनी उभ्या आयुष्यात ऑर्गनची एक पट्टी दाबली नाही, त्यांना हे कसं ठाऊक? रात्री विचारलं. म्हणाल्या, "ते आत डोकं घालून सूर घासत. मंग हवा कोन भरंन? पाय माहे, हात त्याइचे. पोरं झोपली की दोन-दोन वाजेपर्यंत."

"मग तुम्ही कधी वाजवला नाही?"

"कोनी म्हनलं नाही."

फेब्रुवारी २०२० मध्ये चर्चच्या बाई आमच्याकडे आल्या. गुडघे दुखत होते, पायटे चालवणं त्यांना जमेना. आत्याबाई उठल्या, शेजारी पाट मांडून बसल्या आणि हातांनीच पायटे दाबू लागल्या. बाईंनी आधी रविवारचं एक भजन वाजवलं. मग म्हणाल्या, "तुम्ही या इकडे, मी हवा भरते."

आत्याबाईंनी लुगड्याला हात पुसले आणि एक पट्टी दाबली. नेमकी रिकाम्या सहांपैकी एक. आवाजच आला नाही. दोघी म्हाताऱ्या एवढ्या हसल्या की मी चुलीवरचं दूध उतू घातलं.