लोहारकाम शिकताना घ्यावयाची दक्षता

नांगराचा फाळ, कुळवाची पास, विळा, कोयता आणि कुऱ्हाड यांवाचून शेतीचे पान हलत नसे. ही अवजारे घडविणारा लोहार म्हणूनच गावगाड्यातील एक महत्त्वाचा बलुतेदार होता. त्याच्या घरातील मूल भात्याच्या आवाजात वाढे. भट्टीजवळ कोठे उभे राहावे, कशास हात लावू नये, हे त्याला कोणी निराळे शिकवीत नसे. ते पाहून पाहून अंगवळणी पडे. आज कार्यशाळेत हे काम शिकण्यास येणाऱ्या अनेक तरुणांनी पूर्वी भट्टी जवळून पाहिलेलीही नसते. जे ज्ञान एके काळी न बोलता मिळत होते, ते आता पहिल्याच दिवशी शब्दांत सांगणे अगत्याचे झाले आहे.

काळ्या लोखंडाचा धोका

लाल लोखंड पाहून नवखाही हात आखडता घेतो. त्याला फसविते ते काळे लोखंड. ३०० ते ४०० अंश सेल्सिअस तापमानाचा तुकडा दिवसाच्या उजेडात थंड तुकड्यासारखाच दिसतो; हात मात्र क्षणात भाजून निघतो. म्हणून कार्यशाळेतील प्रत्येक तुकडा तापलेलाच आहे असे मानून चालावे. उचलण्यापूर्वी पालथा हात त्याच्यापासून थोड्या अंतरावर धरून धग पाहावी. घडविलेले तुकडे निवविण्यासाठी एकच जागा ठरवून द्यावी आणि तेथील वस्तू सांडशीनेच उचलावी.

पोशाख

कपडे सुती असावेत. कृत्रिम धाग्याचे कापड ठिणगीने वितळून कातडीला चिकटते व जखम खोल करते. ओढणी, उपरणे किंवा सैल बाह्या भट्टीजवळ नसाव्यात. पायात बंद चामडी बूट असावेत आणि विजारीचे पाय बुटांच्या बाहेरून यावेत, म्हणजे तप्त कण बुटात शिरणार नाहीत. घाव बसताच लोखंडावरील पापुद्रे उडतात. त्यामुळे डोळ्यांवर संरक्षक चष्मा हवाच. सतत घण चालत असल्यास कानांचेही रक्षण करावे. ओला हातमोजा वापरू नये, कारण त्यातील पाण्याची वाफ होऊन हात भाजतो.

अवजारांची पाहणी

काम सुरू करण्यापूर्वी हातोड्याचा दांडा घट्ट आहे की नाही ते पाहावे. ठोके खाऊन छिन्नीचे डोके पसरते व त्याच्या कडांचे तुकडे गोळीसारखे उडतात. अशा कडा वेळीच घासून काढाव्यात. सांडशीचे तोंड तुकड्याच्या आकाराला बसणारे असावे. एकाने तुकडा धरावयाचा व दुसऱ्याने घण मारावयाचा असेल, तर थांबण्याची खूण आधीच ठरवावी आणि खूण होताच घण थांबावा.

भट्टी, धूर आणि तेल

कोळशाच्या भट्टीतून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड वायूस रंग नाही, वासही नाही. म्हणून बंद खोलीत भट्टी पेटवू नये; धुराडे व खेळती हवा असावी. जस्ताचा मुलामा असलेले भंगार भट्टीत घालणे टाळावे. जस्त ९०७ अंशांना उकळते, भट्टीची धग त्याहून कितीतरी अधिक असते. तो धूर श्वासावाटे गेल्यास काही तासांनी थंडी वाजून ताप येतो. दोन्ही टोके बंद असलेली नळी तापविल्यास आतील हवा व ओलावा प्रसरण पावून ती फुटू शकते. पाते तेलात विझविताना तेल पेट घेऊ शकते; यासाठी भांड्याला झाकण व जवळ वाळूची बादली ठेवावी. पेटलेल्या तेलावर पाणी कदापि ओतू नये.

भाजल्यास काय करावे

भाजलेला भाग त्वरित थंड वाहत्या पाण्याखाली २० मिनिटे धरावा. अंगठी, कडे यांसारख्या वस्तू सूज येण्यापूर्वी काढाव्यात. शाई, तूप, टूथपेस्ट किंवा बर्फ लावू नये. फोड फोडू नयेत. स्वच्छ कापडाने सैलसर झाकून रुग्णास दवाखान्यात न्यावे. डोळ्यात कण गेल्यास डोळा चोळू न देता त्यास वैद्यकीय मदत मिळवून द्यावी.

शिक्षक आणि पंचायत सदस्यांचे कर्तव्य

दिनांक १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पंतप्रधान विश्वकर्मा योजनेतील १८ व्यवसायांत लोहारकामाचा समावेश आहे. ग्रामीण भागातील अर्जांची पहिली पडताळणी ग्रामपंचायत पातळीवर होते. योजनेतील मूलभूत प्रशिक्षण ५ ते ७ दिवसांचे असते. अशा अल्प मुदतीत सुरक्षिततेचा पाठ शेवटी उरकण्याचा विषय राहू नये. पंचायत सदस्यांनी गावातील कार्यशाळेस भेट देऊन चष्मे, प्रथमोपचार पेटी व वाळूच्या बादल्या खरोखर आहेत का, हे पाहावे. शिक्षकांनी नवख्यास भट्टीजवळ एकटे सोडू नये आणि वेग येण्याआधी सवय लागू द्यावी.

हात आणि डोळे हेच कारागिराचे खरे भांडवल होय. फाळ बिघडला तर तो पुन्हा तापवून घडविता येतो. गेलेला डोळा परत मिळत नाही.